स्कूटरच्या डिजिटल मीटरची देखभाल आणि रीसेट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात स्कूटर चालवणाऱ्यांकडून मीटरबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. अर्ध्याहून जास्त प्रश्नांचा सूर एकच असतो: "मीटर काहीतरी विचित्र दाखवतोय, रीसेट कसा करू?" माझं सांगणं आधीच सांगून ठेवतो. बहुतेक वेळा बिघाड मीटरमध्ये नसतो. तो बॅटरीत, एखाद्या कपलरमध्ये (वायरी जोडणाऱ्या प्लगमध्ये) किंवा सेन्सरमध्ये असतो आणि मीटर फक्त ते आपल्याला सांगत असतो. त्यामुळे मीटर काय म्हणतोय ते आधी समजून घ्या आणि मग बटणाला हात लावा.

बटणांची नावं आणि ती किती वेळ दाबायची हे प्रत्येक मॉडेलमध्ये थोडं वेगळं असतं. गाडीसोबत मिळालेलं मॅन्युअल डिकीत ठेवा. ते हरवलं असेल तर बहुतेक कंपन्यांच्या संकेतस्थळावर मिळतं.

१. डिजिटल मीटर आणि जुना काट्याचा मीटर यात नेमका फरक काय?

जुन्या स्कूटरमध्ये पुढच्या चाकातून आलेली केबल मीटरच्या आतलं चक्र फिरवायची आणि काटा हलायचा. डिजिटल मीटरच्या बहुतेक गाड्यांमध्ये चाकाजवळ किंवा गिअरबॉक्सजवळ सेन्सर असतो. तो चाकाच्या फेऱ्यांचे विद्युत संकेत पाठवतो आणि मीटरमधली चिप ते मोजून वेग आणि अंतर काढते. पेट्रोलची पातळी टाकीतल्या फ्लोटकडून (पेट्रोलवर तरंगणाऱ्या भागाकडून) येते, इंजिनच्या तक्रारी ईसीयूकडून, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरकडून. मीटर स्वतःहून फार थोडं ठरवतो, दुसऱ्यांनी पाठवलेले निरोप दाखवतो. पुढची बरीच उत्तरं या एका गोष्टीवर उभी आहेत.

स्क्रीन मुख्यतः दोन प्रकारच्या असतात. २०१८ साली आलेल्या टीव्हीएस एनटॉर्क १२५ आणि सुझुकी बर्गमन स्ट्रीटसारख्या गाड्यांनी पूर्ण डिजिटल एलसीडी रुळवली. रंगीत टीएफटी स्क्रीन आधी इलेक्ट्रिक स्कूटरमध्ये जास्त दिसायची, आता पेट्रोलच्या गाड्यांतही येते आहे.

२. "मीटर रीसेट" म्हणजे नक्की काय काय रीसेट होतं?

या एका शब्दाखाली लोक पाच वेगळ्या गोष्टी विचारतात. ट्रिप, म्हणजे एखाद्या प्रवासाचं अंतर मोजणारा आकडा, शून्य करणं (प्रश्न ३), घड्याळ लावणं (प्रश्न ४), सर्व्हिसची खूण घालवणं (प्रश्न ५), इंजिनच्या बिघाडाचा कोड पुसणं (प्रश्न १५) आणि अडकलेली स्क्रीन पुन्हा सुरू करणं (प्रश्न १४ आणि १८). पहिल्या दोन गोष्टी बिनधास्त घरी करा. तिसरी काम झाल्यावरच करा. चौथी गॅरेजवर सोडा.

ओडोमीटर, म्हणजे गाडी एकूण किती किलोमीटर चालली तो आकडा, रीसेट होत नाही आणि होऊ नये. त्याबद्दल प्रश्न २०.

३. ट्रिप मीटर शून्य कसा करायचा?

किल्ली ऑन करा, गाडी उभी ठेवा. मोड किंवा सिलेक्ट लिहिलेलं बटण थोडं थोडं दाबून ट्रिप ए किंवा ट्रिप बी स्क्रीनवर आणा. मग तेच बटण, किंवा शेजारी वेगळं रीसेट किंवा सेट बटण असेल तर ते, दोन-तीन सेकंद दाबून धरा. आकडा ०.० झाला की सोडा.

शून्य होत नसेल तर बहुधा स्क्रीनवर ओडोमीटर असतो, ट्रिप नसते. काही मॉडेलमध्ये गाडी चालू असताना हे बटण मुद्दाम काम करत नाही. ते योग्यच आहे. कर्वे रस्त्याच्या गर्दीत मान खाली घालून ट्रिप शून्य करण्यात अर्थ नाही.

दोन ट्रिपचा उपयोग असा करा: ट्रिप ए टाकी फुल केली की शून्य करायची, ट्रिप बी सर्व्हिसिंग झालं की. पेट्रोलचा आणि ऑइलचा हिशेब वेगळी वही न ठेवता जमतो.

४. घड्याळ चुकीचं दाखवतं. कसं लावू?

मोड आणि सेट ही दोन्ही बटणं एकत्र दाबून धरली, किंवा एकच बटण असेल तर घड्याळाच्या पानावर ते दाबून धरलं, की तासाचा आकडा लुकलुकू लागतो. छोट्या दाबाने आकडा वाढवा, लांब दाबाने मिनिटांवर जा. काहीच न करता थोडा वेळ थांबलात की वेळ जतन होते. ब्लूटूथच्या बऱ्याच गाड्यांत फोन जोडला की घड्याळ आपोआप जुळतं.

एकदा लावलेलं घड्याळ दर दोन-चार दिवसांनी परत १२:०० किंवा १:०० वर जात असेल तर घड्याळ लावत बसू नका. मीटरला मिळणारा वीजपुरवठा मध्येच तुटतो आहे. थेट प्रश्न १२ वर जा.

५. सर्व्हिसची खूण (पाना) लागून राहिली आहे. सर्व्हिसिंग तर झालं आहे.

ही खूण बिघाडाची नाही. ठरावीक किलोमीटर किंवा ठरावीक दिवस झाले की मीटर आपोआप आठवण करतो. सर्व्हिसिंग झाल्यावर मेकॅनिकने ती पुढे ढकलायची असते, गडबडीत राहून जाते. अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून गाडी घेताना काउंटरवर पैसे भरण्याआधी किल्ली ऑन करून बघा आणि तिथेच करून घ्या.

घरी करायचं असेल तर अनेक मॉडेलमध्ये पद्धत अशी असते: किल्ली ऑफ, बटण दाबून धरायचं, तसंच धरून किल्ली ऑन करायची आणि खूण जाईपर्यंत थांबायचं. तुमच्या मॉडेलची नेमकी कृती मॅन्युअलमध्ये 'सर्व्हिस रिमाइंडर' या मथळ्याखाली सापडेल.

ऑइल न बदलता नुसती खूण घालवू नका. स्कूटरच्या इंजिनात ऑइल लिटरच्या आतबाहेरच असतं आणि शहरातल्या थांब-चाल वाहतुकीत ते लवकर खराब होतं.

६. मीटर अ‍ॅव्हरेज कमी दाखवतो. कंपनीने सांगितलेल्या आकड्याच्या जवळपासही नाही.

जाहिरातीतला आकडा ठरावीक चाचणीतला असतो. आपल्या वेताळ टेकडीच्या कुशीतली, १९६६ साली स्थापन झालेली एआरएआय ही संस्था गाड्यांच्या चाचण्या घेते. तिथे गाडी रोलरवर, नेमून दिलेल्या वेगाच्या आलेखाप्रमाणे चालते. स्वारगेट ते हडपसर संध्याकाळी सात वाजता जाणं हा वेगळाच प्रकार आहे.

मीटरवरचं अ‍ॅव्हरेज हाही अंदाजच असतो. इंजेक्टर (इंजिनात पेट्रोल फवारणारा भाग) किती वेळ उघडा होता यावरून ईसीयू पेट्रोलचा हिशेब लावतो. खरं अ‍ॅव्हरेज काढायचं तर टाकी नोझल बंद पडेपर्यंत भरा, ट्रिप ए शून्य करा, टाकी बरीचशी संपेपर्यंत चालवा, शक्यतो त्याच पंपावर पुन्हा तशीच भरा. किलोमीटरला भरलेल्या लिटरने भागा. दोन-तीन टाक्यांची सरासरी घ्या. ती मीटरच्या आकड्याच्या आसपास असेल तर मीटर बरोबर आहे, आणि अ‍ॅव्हरेज कमी वाटत असेल तर टायरची हवा, एअर फिल्टर आणि ब्रेक घासतोय का ते पाहा.

७. पेट्रोलच्या कांड्या वर-खाली होतात. पंपावर भरलं तरी लगेच वाढत नाहीत.

टाकीत पेट्रोल हलतं, त्यामुळे कांड्या सतत नाचू नयेत म्हणून मीटर मुद्दाम सावकाश बदल दाखवतो. किल्ली ऑन ठेवून पेट्रोल भरलं तर हे जास्त जाणवतं. पेट्रोल भरताना किल्ली ऑफ ठेवायचीच असते. पुन्हा ऑन केल्यावर मीटर ताजी पातळी वाचतो.

साइड स्टँडवर एका अंगाला झुकलेल्या गाडीत, किंवा कात्रजच्या चढावर, एखादी कांडी कमी-जास्त दिसणं सरळ आहे. मेन स्टँडवर सपाट जागी बघा.

शेवटची कांडी लुकलुकू लागली की पंप शोधा. इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोल पंप टाकीतच असतो आणि तो पेट्रोलमध्ये बुडून थंड राहतो. रोज रिकाम्या टाकीवर चालवण्याची सवय त्याला महागात पडते.

सगळ्या कांड्या एकदम गायब होऊन लुकलुकत असतील, किंवा टाकी रिकामी असून फुल दिसत असेल, तर फ्लोटची वायर तुटली आहे किंवा फ्लोट चिकटला आहे. टाकीवरचा कपलर आधी तपासायला सांगा, मीटर नंतर.

८. फोनच्या जीपीएसवर ५६ आणि मीटरवर ६०. कोण खोटं बोलतंय?

कोणीच नाही. मीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी वेग कधीच दाखवू नये, असं मानकच आहे. त्यामुळे कंपन्या आकडा किंचित चढा ठेवतात. झिजलेला टायर किंवा कमी हवा यानेही थोडा फरक पडतो. मापाबाहेरचा टायर घातला तर वेग आणि किलोमीटर दोन्ही चुकतात.

वेग ० वरच अडकला असेल तर ती वेगळी गोष्ट आहे. सेन्सरवर चिखल बसलाय, त्याची वायर तुटलीय, किंवा पंक्चर काढताना चाक बसवायच्या वेळी सेन्सर नीट बसलेला नाही. चाक नुकतंच काढलं असेल तर तिथूनच सुरुवात करा.

९. मीटरची काच कशाने पुसायची? दसऱ्याला पूजा केल्यावर डाग राहिले आहेत.

ती काच नसते, प्लास्टिक असतं. म्हणून पेट्रोल, थिनर, सॅनिटायझर, काच पुसायचे स्प्रे यांपैकी काहीही लावू नका. त्याने आधी धूसरपणा येतो, मग कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा पडतात, आणि त्या परत जात नाहीत. टूथपेस्टने ओरखडे जातात असं सांगितलं जातं. ती घासणारी असते, चकाकी कायमची मारते.

योग्य पद्धत साधी आहे. आधी पाण्याने धूळ सैल करून वाहून जाऊ द्या, मग ओल्या मऊ मायक्रोफायबर कापडाने दाब न देता पुसा. कोरड्या फडक्याने झटकलेली धूळ हाच ओरखड्यांचा मोठा उगम आहे. सिग्नलवर स्कार्फच्या टोकाने मीटर पुसायची सवय अनेकांना असते, ती सोडा.

दसऱ्याचं हळदकुंकू मीटरवर न लावता हँडलच्या मधल्या भागावर किंवा पुढच्या मडगार्डवर लावा. मोड बटणाच्या कडेच्या फटीत कुंकवाची बारीक पूड शिरते, दमट हवेत तिचा लगदा होतो आणि बटण आत दाबलेलंच राहतं. मग मीटर आपोआप पानं बदलत बसतो. तसं झालं असेल तर मऊ ब्रश किंचित ओला करून फटीतून फिरवा. टोकदार सुई घालू नका, बटणाखालचं रबर फाटलं की पाणी सरळ आत जातं. झेंडूची माळही मीटरवरून न घेता आरशांना बांधा.

१०. पावसाळ्यात मीटरच्या आत वाफ धरते. मीटर बदलावा लागेल का?

जून ते सप्टेंबर सर्वात जास्त येणारा प्रश्न हाच. बहुतेकांना उत्तर आहे: नाही.

मीटरचा डबा पूर्ण हवाबंद नसतो. आतली हवा तापली की फुगते, थंडावली की आकसते, म्हणून मागे हवा ये-जा करायला बारीक वाट ठेवलेली असते. पावसाळ्यात त्या वाटेने दमट हवा आत जाते. गाडी रात्रभर उघड्यावर उभी असते, काच थंड होते, सकाळी मीटर चालू होऊन आतली हवा उबदार झाली की काचेच्या आतल्या अंगाला धुकं धरतं. ते बहुधा एका कोपऱ्यापासून सुरू होतं आणि तिथूनच विरतं. गाडी अर्धा-पाऊण तास चालली किंवा ऊन पडलं आणि ते गेलं, तर काही करू नका.

काळजी कधी करायची? काचेवर वेगवेगळे थेंब दिसू लागले, खालच्या कडेला पाण्याची रेघ साचली, ऊन पडूनही दिवसभर गेलं नाही, किंवा आकड्यांचे काही तुकडे दिसेनासे झाले, तर सील गेलं आहे. वॉरंटी असेल तर मीटर स्वतः उघडू नका. तारखेसह फोटो काढा आणि सर्व्हिस सेंटरला दाखवा. उघडल्याच्या खुणा दिसल्या की वॉरंटीचा दावा अडतो.

वॉरंटी संपली असेल तर चांगला ऑटो इलेक्ट्रिशियन मीटर काढून, सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात एक-दोन दिवस ठेवून, नवीन सील लावून देतो. तांदळाच्या डब्यात ठेवू नका, तांदळाची भुकटी आत जाते. हेअर ड्रायरने काच वाकते. आणि काही ठिकाणी डब्याला भोक पाडून देतात, "वाफ निघून जाईल" म्हणून. त्याच भोकातून पुढच्या पावसात पाणी येतं.

धुताना प्रेशरचा फवारा मीटर, स्विच आणि किल्लीच्या भोकापासून लांब ठेवायला सांगा. पाऊस वरून पडतो आणि मीटरची रचना तो सोसायला केलेली असते. फवारा खालून आणि बाजूने पाणी घुसवतो. उभ्या गाडीच्या मीटरवर प्लास्टिकची पिशवी बांधून ठेवत असाल तर खालची बाजू मोकळी ठेवा, नाहीतर ओल आतच कोंडते.

११. उन्हात मीटर काळा पडतो, आकडे दिसत नाहीत. शिवाय गॉगल घातला की तर काहीच दिसत नाही.

हे दोन वेगळे प्रकार आहेत.

एप्रिल-मे महिन्यात पुण्याचा पारा चाळिशीला टेकतो, आणि उन्हात उभ्या काळ्या प्लास्टिकच्या डब्यात तापमान त्याच्याही बरंच वर जातं. एलसीडीतलं द्रव जास्त तापलं की स्क्रीनचा काही भाग काळवंडतो. सावलीत थंड झाल्यावर पूर्ववत झाला तर इजा नाही. पण वर्षानुवर्षं रोज असंच होत राहिलं तर वरची ध्रुवीकरण करणारी फिल्म पिवळी किंवा जांभळट पडते आणि डाग कायमचा होतो. सावली मिळत नसेल तर हँडल असं वळवून लावा की मीटरवर दुपारचं ऊन सरळ येणार नाही, किंवा वर सुती कापड टाका.

गॉगलचा प्रकार बिघाड नाहीच. पोलराइज्ड गॉगलची काच आणि एलसीडीवरची फिल्म यांच्या दिशा आडव्या आल्या की प्रकाश अडतो. मान किंचित वाकडी करून बघा, आकडे लगेच दिसतील. गाडी चालवायला साधा, पोलराइज्ड नसलेला गॉगल वापरा.

१२. स्टार्टर दाबला की मीटर क्षणभर बंद होतो आणि पुन्हा सुरू होतो. मीटर गेला का?

नाही, बॅटरी थकली आहे. या तक्रारीवर लोक विनाकारण मीटरचे पैसे घालवतात, म्हणून सविस्तर.

स्कूटरची १२ व्होल्टची बॅटरी लहान असते, बहुतेक गाड्यांत ३ ते ५ अँपिअर-अवरची. स्टार्टर तिच्यातून एकदम मोठा करंट ओढतो. बॅटरी दमलेली असेल तर व्होल्टेज इतकं पडतं की मीटरची चिप बंद होऊन पुन्हा चालू होते. म्हणून घड्याळ जातं, सगळे दिवे एकदम लागतात, कधी कधी ट्रिपही शून्य होते.

साध्या मल्टिमीटरने घरीच बघा. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी बॅटरीच्या टोकांवर १२.६ व्होल्टच्या आसपास हवेत. १२.२ च्या खाली म्हणजे बॅटरी अर्धी उतरलेली. स्टार्टर दाबताना आकडा १० च्या बराच खाली गेला तर बॅटरीचे दिवस भरले. इंजिन चालू करून थोडा थ्रॉटल दिल्यावर १३.५ ते १४.५ मिळायला हवेत. १३ च्या वर चढतच नसेल तर चार्जिंगमध्ये दोष आहे, नवी बॅटरीही महिन्याभरात बसेल. आणि १५ च्या पुढे गेलं तर गाडी लगेच बंद करा. रेग्युलेटर बिघडला आहे आणि तो मीटर, ईसीयू, बल्ब सगळं जाळू शकतो.

घरापासून दोन किलोमीटरवर मंडई आणि परत, एवढंच रोज चालणाऱ्या गाडीची बॅटरी कधी पूर्ण भरतच नाही. सिग्नलला इंजिन आपोआप बंद होणाऱ्या गाडीत तर बॅटरीवर अजून ताण येतो. आठवड्यातून एकदा अर्धा तास सलग चालवा, म्हणजे ती सुधारते. बॅटरीच्या टोकांवर पांढरी भुकटी जमली असेल तर ती काढून नट घट्ट करा. कित्येकदा एवढ्यावरच काम होतं.

१३. किल्ली ऑन केली तरी मीटर पूर्ण बंद. आधी काय बघू?

हॉर्न आणि इंडिकेटर लागतात का ते बघा. तेही बंद असतील तर मुख्य फ्यूज किंवा बॅटरी. फ्यूज बॅटरीजवळच्या छोट्या डबीत असतो. मधली तार तुटलेली दिसली तर तेवढ्याच अँपिअरचा नवा लावा. जास्त अँपिअरचा लावू नका, आणि तार गुंडाळून तर मुळीच नाही. तसं केलं की फ्यूजऐवजी वायरिंग जळतं. नवा फ्यूजही लगेच उडाला तर कुठेतरी शॉर्ट आहे, तिथे थांबा.

हॉर्न लागतो आणि फक्त मीटर बंद असेल तर मीटरच्या मागचा कपलर आणि अर्थिंगची वायर. कपलर सोडवून पिना बघा. निरोगी पिन चकचकीत असते. ओल गेली असेल तर तिच्यावर हिरवट बुरशीसारखा थर दिसतो, आणि बाजूचं प्लास्टिक किंचित तपकिरी झालेलं असतं. कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा आणि मऊ ब्रश यांनी तो निघतो. पिन पिचली असेल तर तेवढी बदलता येते, असे सुटे कपलर आणि पिना नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानांत मिळतात. पूर्ण मीटर घ्यायची घाई करू नका.

सोसायटीच्या पार्किंगमध्ये उंदीर वायर कुरतडतात. पुढच्या पॅनलखाली लेंड्या किंवा कुरतडलेलं आवरण दिसलं तर उत्तर तेच.

१४. बॅटरीची वायर काढून लावली की मीटर रीसेट होतो म्हणतात. करू का?

स्क्रीन अडकली असेल, बटणं दाद देत नसतील, तर पेट्रोलच्या गाडीत हा उपाय चालतो, पण पद्धतीने करा. किल्ली ऑफ करून मिनिटभर थांबा. आधी निगेटिव्ह (काळी) वायर सोडवा. पॉझिटिव्ह आधी सोडवायला गेलात आणि पाना चॅसीला टेकला तर ठिणगी उडते. पाच-दहा मिनिटांनी जोडताना उलटा क्रम: पॉझिटिव्ह आधी, निगेटिव्ह शेवटी.

यानंतर घड्याळ आणि काही गाड्यांत ट्रिप, अ‍ॅव्हरेज जातं. ओडोमीटर जात नाही, कारण तो वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत असतो. इंजिनचा आयडल (थ्रॉटल न देता चालण्याचा वेग) सुरुवातीला थोडा वर-खाली वाटेल, दोन-चार मिनिटं नुसतं चालू ठेवा.

इंजिन चालू असताना बॅटरी कधीही सोडवू नका. चार्जिंगचं व्होल्टेज क्षणात उसळतं आणि मीटर किंवा ईसीयू जाऊ शकतो. चालू कारमधून जंप लावू नका. गाडीवर वेल्डिंग करायचं असेल तर बॅटरी आधी काढायला सांगा. स्मार्ट कीच्या गाडीत बॅटरी पूर्ण उतरली तर सीटही उघडेनाशी होऊ शकते, त्यासाठीची आपत्कालीन सोय आधीच मॅन्युअलमध्ये वाचून ठेवा.

१५. इंजिनच्या आकाराचा पिवळा दिवा लागला आहे. गाडी तर नीट चालते.

किल्ली ऑन केल्यावर हा दिवा लागायलाच हवा, ती त्याची स्वतःची तपासणी आहे. इंजिन सुरू झाल्यावर विझला तर सगळं ठीक. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषणाचे निकष लागू झाल्यावर इंजिनातल्या सेन्सरवर नजर ठेवणं गाड्यांना बंधनकारक झालं, म्हणून हा दिवा आता साध्या स्कूटरवरही दिसतो.

चालताना लागून राहिला आणि गाडी नीट चालत असेल तर घाबरू नका, पण एक-दोन दिवसांत दाखवा. गाडी धक्के देत असेल, बंद पडत असेल तर चालवू नका. आधी दोन गोष्टी स्वतः बघा: बॅटरीचं व्होल्टेज (प्रश्न १२), आणि नुकतंच सर्व्हिसिंग झालं असेल तर एअर फिल्टरजवळचा एखादा कपलर सुटा राहिलाय का.

होंडाच्या इंजेक्शनच्या बऱ्याच गाड्यांत हा दिवा लुकलुकून कोड सांगतो. लांब लुकलुक म्हणजे १०, छोटी म्हणजे १. एक लांब आणि दोन छोट्या म्हणजे १२, आणि तो इंजेक्टरच्या सर्किटचा कोड आहे. फोनवर व्हिडिओ काढून मेकॅनिकला दाखवा, त्याचा बराच वेळ वाचतो.

कोड पुसला की दिवा जातो, दोष जात नाही. दुरुस्ती झाली असेल तर काही गाड्यांत थोड्या फेऱ्यांनंतर दिवा आपोआप विझतो. गॅरेजमध्ये कोड पुसण्याआधी तो कुठला होता ते बिलावर लिहून घ्या.

१६. एबीएसचा दिवा किल्ली ऑन करताच लागतो आणि गाडी सुरू झाली तरी विझत नाही.

गाडी हलून थोडा वेग घेतल्यावर विझायला हवा. उभ्या गाडीत लागलेला राहणं बरोबर आहे. वेग घेतल्यावरही राहिला तर साधा ब्रेक चालतो पण एबीएस (जोरात ब्रेक मारल्यावर चाक अडकू न देणारी यंत्रणा) चालत नाही. चाकाजवळचा सेन्सर तपासा.

१७. ब्लूटूथ जोडतच नाही, किंवा कॉल दिसतात पण रस्ता दिसत नाही.

फोनच्या ब्लूटूथ यादीतून स्कूटरचं नाव काढून टाका, मीटरमधूनही जुना फोन पुसा, मग कंपनीच्या अ‍ॅपमधूनच पुन्हा जोडा. फोनच्या सेटिंगमधून थेट जोडल्याने अर्धवट जोडणी होते. अ‍ॅपला नोटिफिकेशन आणि लोकेशनची परवानगी द्या आणि बॅटरी वाचवण्याच्या यादीतून त्याला वगळा. रस्ता न दिसण्याचं कारण जवळपास नेहमी हेच असतं. फोन बदलला किंवा घरातल्या दुसऱ्या कोणी जोडला की तीच कृती पुन्हा.

गाडी विकताना मीटरमधून स्वतःचा फोन आणि अ‍ॅपमधून गाडी काढून टाका.

१८. इलेक्ट्रिक स्कूटरची स्क्रीन अडकली. बॅटरी काढू का?

नको. प्रश्न १४ मधला उपाय इलेक्ट्रिक गाडीला लावू नका. मुख्य बॅटरीच्या नारिंगी वायरींना तर घरी कोणीही हात लावायचा नाही. आधी गाडी बंद करून पाच-दहा मिनिटं तशीच ठेवा, म्हणजे ती पूर्ण झोपते, मग चालू करा. स्क्रीन पुन्हा सुरू करायची बटणांची जोडी बऱ्याच गाड्यांत दिलेली असते. ती मॅन्युअलमध्ये किंवा कंपनीच्या हेल्पलाइनवर विचारून घ्या आणि गाडी उभी असतानाच वापरा.

सॉफ्टवेअर अपडेट चालू असताना गाडी बंद करू नका. चार्ज पुरेसा असताना आणि नेटवर्क चांगलं असलेल्या जागी अपडेट घ्या, तळघरातल्या पार्किंगमध्ये नाही. अनेक इलेक्ट्रिक गाड्यांत मीटर आणि दिव्यांसाठी वेगळी छोटी १२ व्होल्टची बॅटरी असते. मुख्य बॅटरी भरलेली असूनही स्क्रीन लागत नसेल तर ही उतरलेली असू शकते.

बजाजची चेतक आकुर्डीतच बनते, म्हणून "कारखान्यात नेऊन दाखवू का?" असंही काही जण विचारतात. दुरुस्ती सर्व्हिस सेंटरमध्येच होते.

१९. मे महिन्यात किंवा दिवाळीला गावी जातो, गाडी महिनाभर उभी असते. मीटरसाठी काही करायला हवं का?

किल्ली ऑफ असली तरी घड्याळ, स्मार्ट कीचा रिसीव्हर आणि अलार्म थोडा करंट घेत राहतात. वसतिगृहातल्या मुलांच्या गाड्या सुट्टीनंतर म्हणूनच सुरू होत नाहीत. जाताना निगेटिव्ह वायर सोडवून ठेवा (पद्धत प्रश्न १४), मीटर सुती कापडाने झाका. इलेक्ट्रिक गाडी अर्ध्याच्या आसपास चार्ज ठेवून जा, रिकामी नाही.

२०. मीटर बदलला तर जुने किलोमीटर नव्यात येतात का? आणि जुनी गाडी घेताना आकडा खरा आहे हे कसं ओळखायचं?

बऱ्याचदा नवा मीटर शून्यापासूनच सुरू होतो. म्हणून बदलण्याआधी जुन्या मीटरचा फोटो काढा, बिलावर जुना आकडा आणि तारीख लिहून घ्या, सर्व्हिस बुकमध्येही नोंद करून घ्या. उद्या गाडी विकताना हेच कागद तुमच्या बाजूने बोलतील. नोंद न ठेवता शून्याचा मीटर लावून गाडी विकणं, किंवा कोणाकडून आकडा कमी करून घेणं, ही सरळ फसवणूक आहे. शिवाय पुढच्या माणसाचा बेल्ट, ऑइल, ब्रेक यांचा सगळा हिशेब चुकतो. बेल्ट तुटून तो वरंध घाटात अडकू शकतो.

जुनी गाडी घेताना आकड्यापेक्षा गाडी बघा. दहा हजार किलोमीटर दाखवणाऱ्या गाडीचं पाय ठेवायचं रबर गुळगुळीत झालेलं नसतं, हँडलची ग्रिप चकाकत नसते, डिस्कला खोल कड आलेली नसते. अधिकृत सर्व्हिस सेंटरकडे प्रत्येक सर्व्हिसच्या वेळचा आकडा नोंदलेला असतो. मालकाला सोबत घेऊन गाडीच्या नंबरावरून ती यादी मागा. मीटरच्या डब्याचे स्क्रू खरवडलेले दिसले तर कारण विचारा.

२१. मोबाइल चार्जर आणि जादा लाइट लावल्यापासून मीटर लुकलुकतो.

मीटरच्याच वायरला जोड दिला असणार. तो काढा. जादा वस्तूला बॅटरीपासून वेगळी वायर, स्वतःचा फ्यूज आणि रिले हवा. वायर कापून जोड मारल्याच्या खुणा असतील तर त्या भागाची वॉरंटी मिळणं अवघड होतं.

हेडलाइट दिवसाही लागलेला असतो, तो मात्र दोष नाही. एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींना तशी सक्ती आहे.

२२. पार्किंगमध्ये पाणी शिरलं, गाडी मीटरपर्यंत बुडाली. आता?

२०२४ च्या जुलैत खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पार्किंगमधल्या कित्येक गाड्या बुडाल्या. नदीकाठच्या सोसायट्यांनी हे उत्तर आधीच वाचून ठेवावं.

किल्ली ऑन करू नका. "मीटर लागतो का बघू" एवढ्यासाठीही नाही. पाण्यात भिजलेल्या सर्किटला वीज मिळाली की पिना काही मिनिटांत गंजू लागतात, आणि इंजिनात पाणी असताना स्टार्टर दाबला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. बुडालेल्या गाडीचे फोटो काढा, विमा कंपनीला कळवा आणि गाडी ढकलत किंवा टेम्पोतून न्या. बुडालेल्या गाडीला स्टार्टर मारून झालेलं इंजिनाचं नुकसान विमा कंपन्या बहुधा नाकारतात.

पेट्रोलची गाडी असेल आणि बॅटरीपर्यंत हात सुरक्षितपणे पोचत असेल तर निगेटिव्ह वायर काढून ठेवा. इलेक्ट्रिक गाडी असेल तर हात न लावता, पाणी ओसरल्यावरही चार्जरला न जोडता, घरापासून आणि इतर गाड्यांपासून लांब मोकळ्या जागी ठेवून कंपनीला बोलवा.

मीटर पुराच्या पाण्यात बुडाला असेल तर तो वाळवून वापरण्याचा हट्ट धरू नका. त्या पाण्यात गाळ आणि क्षार असतात, ते सर्किटवर थर धरून राहतात आणि महिन्या-दोन महिन्यांनी एखाद्या रात्री भर रस्त्यात मीटर आणि लाइट एकदम जातात. विमा कंपनीच्या सर्व्हेअरला (नुकसान तपासायला येणाऱ्याला) मीटर, मुख्य वायरिंग आणि ईसीयू हे तिन्ही वेगवेगळे लिहायला सांगा. एकदा दावा मंजूर झाला की राहिलेला भाग नंतर त्यात घालून घेणं फार अवघड जातं.